नववीच्या ‘गतीचे नियम’ धड्याची पेटी: गाड्या उत्तम, पुस्तिका मात्र बाजूला ठेवा

राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञान पुस्तकातला पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. त्यामुळे शाळा उघडली की सांगलीत प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानांत या धड्याच्या लाकडी पेटीची विचारणा सुरू होते. पेटीवर कंपनीचा छाप नाही. आतलं सामान जवळपास सगळीकडे सारखंच आहे, म्हणून हे परीक्षण एका दुकानाचं नसून पेटीचं आहे. किंमत दुकानागणिक आणि बिलागणिक बदलते, तेव्हा आकडा देत नाही. इतकंच सांगतो, की पैशाचा मोठा वाटा पट्टी आणि दोन गाड्या यांचा आहे. या तीन वस्तू नीट असतील तर पेटी घ्यावी. यांतली एक जरी डगमगती असली, तर बाकीच्या खेळण्यांसाठी पेटी घेण्यात अर्थ नाही.

पेटीत काय येतं ते आधी पाहू. १२० सेंमी लांबीची, दोन्ही कडांना उभे काठ असलेली ॲल्युमिनियमची पट्टी. ५०० ग्रॅमच्या दोन गाड्या, त्यांतल्या एकीला पुढून दाबून अडकवता येणारा स्प्रिंगचा दट्ट्या. ५०० ग्रॅमचा लोखंडी ठोकळा. पट्टीच्या टोकाला बसणारी कप्पी. २० ग्रॅमची टांगणी आणि २० ग्रॅमच्या चार चकत्या. ० ते ५ न्यूटनचे दोन तानकाटे, म्हणजे स्प्रिंगवर बल मोजणारे काटे. नाणं आणि कार्ड यांचा स्टँड, फुगे, नळ्या, नायलॉनचा दोरा, एक स्टॉपवॉच आणि मराठी पुस्तिका. ‘ट्रॉली’ हा गाडीसाठीचा पुस्तिकेतला शब्द आम्ही इथे टाळला आहे. सांगली जिल्ह्यातल्या मुलाच्या डोळ्यांसमोर त्या शब्दानं उसाची ट्रॉलीच येते, आणि तिचा उपयोग पुढे वेगळ्या कारणासाठी करायचा आहे.

आधी गाड्यांबद्दल. चाकांत बेअरिंग असतील तर पेटी कामाची. दुकानातच गाडी उलटी धरा आणि बोटानं चाक फिरवा. बेअरिंगचं चाक चार-पाच सेकंद तरी आरामात फिरतं. नुसत्या खिळ्यावर बसवलेलं चाक लगेच थांबतं. मग गाडी काचेच्या काउंटरवर ठेवून तिच्या चारही कोपऱ्यांवर आळीपाळीनं बोट दाबा. टकटक वाजली तर एक चाक अधांतरी आहे, आणि अशी गाडी पट्टीच्या काठाला घासत जाणार. शेवटी दोन्ही गाड्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करा. ५०० ग्रॅमला पाच-सात ग्रॅम इकडे-तिकडे चालेल, पण दोघींत वीस ग्रॅमचा फरक असेल तर दुसरी पेटी उघडायला सांगा. आम्ही पाहिलेल्या पेटीत बेअरिंग होती, चाकं सरळ होती आणि दोन्ही गाड्या सारख्या भरल्या. इथे कौतुक करायलाच हवं.

पेटी पहिल्या नियमाला मात्र न्याय देत नाही. पुस्तिकेत त्यासाठी एकच प्रयोग आहे: पेल्यावर कार्ड, कार्डावर नाणं, टिचकी मारली की कार्ड उडतं आणि नाणं पेल्यात. प्रयोग जुना आणि चांगला आहे. फक्त तो का जमतो आणि का फसतो हे पुस्तिका सांगत नाही. टिचकी मारल्यावर नाण्यावर काहीच बल नसतं असं नाही. कार्ड खालून सरकताना घर्षणानं नाण्याला ओढतच असतं. घर्षणांक ०.३ धरला आणि कार्ड ०.०५ सेकंदात निघून गेलं, तर तेवढ्या वेळात नाणं जेमतेम पावणेचार मिलिमीटर सरकतं, म्हणून पेल्यात पडतं. कार्ड हळूहळू ओढलं तर तेच घर्षण नाण्याला सोबत घेऊन जातं. पेटीतलं प्लास्टिकचं कार्ड जाड आणि खरबरीत आहे. त्याऐवजी लग्नपत्रिकेचा गुळगुळीत तुकडा वापरा, प्रयोग दहापैकी दहा वेळा जमेल.

पण हा अर्धाच नियम झाला. स्थिर वस्तू स्थिर राहते, हे मुलांना आधीच पटलेलं असतं. अडतं ते दुसऱ्या अर्ध्यापाशी: असंतुलित बल नसेल तर चालती वस्तू त्याच वेगानं सरळ चालत राहते. ढकलणं थांबलं की वस्तू थांबते, हा रोजचा अनुभव मुलांच्या मनात घट्ट बसलेला असतो, आणि नाण्यानं तो हलत नाही. तो हलवायचं साहित्य पेटीत आहे, फक्त पुस्तिकेला त्याचा पत्ता नाही. पट्टीचं एक टोक पुठ्ठ्याच्या चकत्या घालून थोडं उचला, गाडीला हलका धक्का द्या आणि पाहा. गाडी मंदावत थांबली तर आणखी एक पुठ्ठा. वेग वाढत गेला तर एक काढा. बेअरिंगच्या गाडीला १२० सेंमीमागे साधारण दीड सेंमी उचल पुरते. एका ठरावीक उंचीला गाडी ना मंदावते, ना वेग घेते. पट्टीवर दर २० सेंमीला खडूची खूण करा, मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि फ्रेम मोजा. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० फ्रेम असतात. गाडीनं पहिले २० सेंमी १५ फ्रेममध्ये कापले असतील, तर पुढचेही २० सेंमी १५ फ्रेममध्येच कापलेले दिसतील. उतारावरून खाली ओढणारं बल आणि घर्षण इथे समसमान झालेलं असतं. निव्वळ बल शून्य, तरी गाडी चालू. पहिल्या नियमाचं खरं दर्शन हे आहे, आणि त्याला वीस मिनिटांहून जास्त लागत नाहीत.

ही उचल दुसऱ्या नियमाच्या (बल = वस्तुमान × त्वरण) प्रयोगासाठीही तशीच राहू द्या. त्यात गाडीला बांधलेला दोरा कप्पीवरून खाली सोडतात, आणि त्याच्या टोकाची टांगणी गाडीला ओढते. ती न करता सपाट पट्टीवर प्रयोग केला, की सुरुवातीची वाचनं सर्वांत जास्त बिघडतात. कारण २० ग्रॅमच्या टांगणीचं बल ०.१९६ न्यूटन, आणि त्यातलं ०.०७ न्यूटन घर्षणच खाऊन टाकतं. त्वरण, म्हणजे वेग वाढण्याचा दर, ०.३३ मी/से² यायला हवं तिथे ०.२१ येतं, मग नियमच खोटा असं मुलांना वाटतं.

आता पुस्तिकेतली मोठी चूक. दोऱ्याच्या टोकाला टांगणी, मग तिच्यावर एकेक चकती बाहेरून वाढवत जा, असं तिथे लिहिलं आहे. असं केलं की बलाबरोबर हलणारं एकूण वस्तुमानही वाढतं. टांगणी आणि चकत्यासुद्धा गाडीबरोबरच वेग घेत असतात ना! नुसती टांगणी असताना एकूण ५२० ग्रॅम, चारही चकत्या चढवल्यावर ६०० ग्रॅम. बल पाचपट होतं, त्वरण मात्र ४.३ पटच, आणि आलेखाची रेघ वर जाताना वाकते. योग्य पद्धत अशी: सुरुवातीला चारही चकत्या गाडीवर ठेवा, आणि दर वेळी एक चकती गाडीवरून काढून टांगणीवर चढवा. एकूण वस्तुमान कायम ६०० ग्रॅम राहतं. मग त्वरण टांगलेल्या २०, ४०, ६०, ८० आणि १०० ग्रॅमला अनुक्रमे ०.३३, ०.६५, ०.९८, १.३१ आणि १.६३ मी/से² यायला हवं. आलेख सरळ रेषा आणि शून्यातून जाणारी. वर्गात हटकून होणारी दुसरी चूक म्हणजे टांगलेल्या ६० ग्रॅमच्या ०.५८८ न्यूटनला, उरलेल्या दोन चकत्यांसह गाडीच्या नुसत्या ५४० ग्रॅमनं भागणं. उत्तर १.०९ येतं आणि प्रयोगाशी जुळत नाही. भागायचं ते एकूण ६०० ग्रॅमनं. गाडी वेग घेत असताना दोऱ्यातला ताणही ०.५८८ नसतो, ०.५३ न्यूटन असतो. हुशार मुलं हा प्रश्न विचारतातच, तयारी ठेवा.

कप्पी ही पेटीतली सर्वांत कच्ची वस्तू. प्लास्टिकची आहे, आसावर डुलते आणि दोरा खाचेतून निसटतो. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आणि आसाच्या दोन्ही बाजूंना एकेक वायसर घातलं की डुलणं बरंच कमी होतं. दोरा गाडीपासून कप्पीपर्यंत पट्टीला समांतर असला पाहिजे. कप्पीच्या बाजूनं तो खाली उतरत असेल, तर गाडी पुढे ओढली जाण्याबरोबर थोडी खालीही दाबली जाते. कप्पीसमोर सायकलच्या जुन्या ट्यूबचा किंवा स्पंजचा अडसर ठेवा. नाहीतर सेकंदाला मीटरच्या वेगानं येणारी अर्धा किलोची गाडी कप्पीचा चिमटा पहिल्याच तासाला तोडते.

अंतराचंही एक गणित आहे. शाळेतलं टेबल साधारण ७५ सेंमी उंच असतं. पुस्तिका ८० सेंमी अंतर मोजायला सांगते, पण तेवढं अंतर कापायच्या आधीच टांगणी फरशीवर आपटते. म्हणून मोजायचं अंतर ६० सेंमी ठेवा. ‘टांगणी जमिनीला टेकल्यास वाचन रद्द करावे’, असं पुस्तिकेत लिहिलं आहे. वाचन रद्द करा, पण मुद्दाम एकदा तसं घडवून मुलांना दाखवाच. टांगणी टेकली की दोरा सैल पडतो, ओढणारं बल संपतं, आणि गाडी? ती त्या क्षणी जो वेग होता त्याच वेगानं पुढे जात राहते. टांगणी टेकेपर्यंत खुणांमधल्या फ्रेम कमी कमी होत जातात, टेकल्यानंतर सारख्या होतात. दुसरा नियम आणि पहिला नियम एकाच धावेत, एकाच व्हिडिओत. संपूर्ण पेटीत आम्हाला सर्वांत आवडलेली जागा हीच, आणि पुस्तिकेच्या लेखी ती चूक आहे.

स्टॉपवॉच पेटीतच राहू द्या. सेकंदाचा शंभरावा भाग दाखवणारे आकडे पाहून तो अचूक वाटतो, पण बटण दाबणारं बोट तेवढं अचूक नसतं. हाताची चूक सहज ०.२ सेकंदाची होते. १०० ग्रॅमच्या धावेला ६० सेंमी जायला ०.८६ सेकंद लागतात. त्याऐवजी १.०६ मोजले, की त्वरण १.६३ ऐवजी १.०७ येतं. वेळेचा वर्ग करायचा असल्यानं वेळेतली चूक उत्तरात जवळपास दुप्पट होऊन उतरते. मोबाइलच्या ३० फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमची चूक ०.०३३ सेकंदाची, आणि स्लो मोशनमध्ये २४० फ्रेम घेतल्या तर ०.००४ सेकंदाची. मोबाइल पट्टीपासून दीड मीटरवर, मोजायच्या अंतराच्या बरोबर मध्यावर आणि पट्टीच्याच उंचीला ठेवा. तिरका धरला तर खुणा सरकलेल्या दिसतात.

तिसऱ्या नियमासाठी (प्रत्येक क्रियेला तेवढीच, उलट दिशेची प्रतिक्रिया) दोन तानकाटे एकमेकांत अडकवायचे. एक भिंतीच्या खिळ्याला, दुसरा मुलीच्या हातात. जो ओढतो त्याचा काटा जास्त दाखवणार, असा अंदाज बहुतेक वर्ग देतो. दोन्हींवर सारखंच वाचन येतं तेव्हा वर्गात जी कुजबुज उठते, ती कुठल्याही व्याख्येपेक्षा मोलाची. मात्र तानकाटे आधी शून्यावर आणा, आणि तेही आडवे धरून. उभा धरून शून्य केलेला तानकाटा आडवा केला, की हुकाचा भार निघून जातो आणि काटा ०.१ ते ०.२ न्यूटन मागे सरकतो. एक काटा आडवा शून्य केलेला आणि दुसरा उभा, असं झालं तर ३.० आणि २.८ अशी वाचनं येतात, आणि नियम ‘जवळजवळ’ खरा आहे असं मुलं वहीत लिहून मोकळी होतात. दुकानात तानकाटा तपासायचा असेल तर पेटीतलाच ५०० ग्रॅमचा ठोकळा टांगा. ४.९ न्यूटनवर काटा आला पाहिजे. ५ दाखवत असेल तर मोजपट्टी छापताना १०० ग्रॅमला १ न्यूटन धरलेला आहे. सातवीला चालेल, नववीला नको.

पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर टेबलावर ठेवलेलं पुस्तक आहे. खाली जाणाऱ्या बाणाला ‘क्रिया’ आणि वर जाणाऱ्या बाणाला ‘प्रतिक्रिया’ असं लिहिलं आहे, आणि आत ‘दोन्ही बले एकमेकांस रद्द करतात’ असं वाक्य आहे. क्रिया-प्रतिक्रिया म्हणून हे दोन्ही चूक. पृथ्वी पुस्तकाला खाली ओढते आणि टेबल पुस्तकाला वर रेटतं. दोन्ही बलं एकाच वस्तूवर आहेत, म्हणून ती संतुलित बलं झाली. क्रिया-प्रतिक्रियेची जोडी नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असते: पृथ्वी पुस्तकाला ओढते तर पुस्तक पृथ्वीला ओढतं, टेबल पुस्तकाला रेटतं तर पुस्तक टेबलाला रेटतं. वेगळ्या वस्तूंवरची बलं एकमेकांना रद्द करूच शकत नाहीत. कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यती पाहिलेल्या मुलांना हे एका वाक्यात कळतं. वल्हं पाण्याला मागे रेटतं, पाणी वल्ह्याला पुढे रेटतं. मागचा रेटा पाण्यावर, पुढचा होडीवर, म्हणून होडी पुढे जाते. ते दोन रेटे रद्द होत असते तर शर्यत घाटावरच राहिली असती. पुस्तिकेत जागोजागी ‘वस्तुमान’ या अर्थी ‘वजन’ हा शब्दही आहे. मुलांच्या हातात पुस्तिका देण्याआधी त्या जागा पेनानं दुरुस्त कराव्या लागतील.

संवेगाच्या (वस्तुमान × वेग) प्रयोगासाठी मात्र ही पेटी मनापासून शिफारस करण्याजोगी आहे. आधी मघाची उचल काढून पट्टी सपाट करा. गवंड्याकडची पाणसळ मिळाली तर उत्तम. दट्ट्या दाबून अडकवा, दोन्ही गाड्या मधोमध एकमेकींना टेकवून ठेवा, आणि वरून दट्ट्याच्या खुंटीवर पट्टीनं टिचका द्या. हातानं सोडायला गेलात तर एका गाडीला नकळत धक्का बसतो. गाड्या विरुद्ध दिशांना सुटतात. सारख्या वस्तुमानाच्या असतील तर दोन्हींचा वेग सारखा. आता एकीवर ठोकळा ठेवून ती १००० ग्रॅमची करा. सुरुवातीचा एकूण संवेग शून्य, म्हणजे नंतरचाही शून्य. दुप्पट वस्तुमानाच्या गाडीला निम्मा वेग मिळालाच पाहिजे.

हे दाखवायला घड्याळ लागत नाही, एवढी सुंदर सोय यात आहे. हलक्या गाडीच्या पुढच्या कडेपासून ५० सेंमीवर एक लाकडी अडसर ठेवा, जड गाडीपासून २५ सेंमीवर दुसरा. वेग २ : १ असतील तर दोन्ही गाड्या एकाच वेळी आपटतील आणि एकच ‘टक’ ऐकू येईल. मुलांना डोळे मिटायला सांगा, कान जास्त नीट ओळखतात. मग जड बाजूचा अडसर ३५ सेंमीवर न्या, लगेच ‘टक-टक’ असे दोन आवाज वेगळे येतात. अडसर बरोबर जागी असूनही दोन आवाज आले तर बहुधा स्प्रिंग ढिली आहे. संथ सुटलेल्या गाड्यांवर घर्षणाला जास्त वेळ मिळतो, आणि दोघींचा वेग सारखाच घटत असल्यानं आधीच कमी वेगाची जड गाडी मागे पडते. हलकी गाडी सेकंदाला ०.६ मीटरनं सुटली तर हा फरक ०.१ सेकंदाचा होतो, कानाला सहज कळणारा. १.२ मीटरनं सुटली तर फरक ०.०१ सेकंदाच्याही आत येतो. पेटीतल्या दट्ट्याला दोन खाचा आहेत, खोलवरची वापरा.

इथे उसाची ट्रॉली आणा. ट्रॅक्टर आणि दोन भरलेल्या ट्रॉल्या मिळून २० टन धरा, वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर. संवेग १,००,००० किग्रॅ मी/से. एक टनाच्या मोटारीला एवढा संवेग गाठायला ताशी ३६० किलोमीटरनं पळावं लागेल. हा ऐवज ५ सेकंदांत थांबवायला सरासरी २०,००० न्यूटन बल हवं, २ सेकंदांत थांबवायला ५०,०००. गळीत हंगामात अशा ट्रॅक्टरच्या पुढ्यात सायकल का घालू नये, हे मुलांना स्वतःच्या वहीतल्या आकड्यांवरून कळतं.

फुग्याच्या अग्निबाणाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. पेटीतले फुगे लवकर विटतात, बाहेरचे लांबट फुगे घ्या, नळी फुग्याच्या लांबीला समांतर चिकटवा आणि दोरा ताणून बांधा. तेवढं केलं की जमतं.

दुकानदाराकडे मागून घ्यायच्या दोन गोष्टी: एक जास्तीची कप्पी आणि एक जास्तीची स्प्रिंग. पट्टी उन्हात उभी टेकवून ठेवू नका, भिंतीला दोन खिळ्यांवर आडवी टांगा, नाहीतर मधे पोक येतो आणि सपाटीचा प्रयोग कायमचा बिघडतो. लोखंडी ठोकळा आणि चकत्या पावसाळ्याच्या तोंडी तेलाच्या फडक्यानं पुसून कोरड्या कागदात गुंडाळा. गंज चढला की ५०० ग्रॅमचे ५०० राहत नाहीत. गाड्या पेटीत ठेवताना उलट्या ठेवा, चाकं वर, आणि दट्ट्या नेहमी सुटलेला. वर्षभर दाबून ठेवलेली स्प्रिंग पुढच्या जूनमध्ये ‘टक-टक’च ऐकवते.